हातातील खेळयंत्र आणि नवी कार्यप्रणाली : शंका घेण्याची रीत

एखादे नवे यंत्र बाजारात येते तेव्हा त्याच्याभोवती दोन प्रकारची माणसे जमतात. एक वर्ग जाहिरातीतील प्रत्येक शब्द खरा मानून चालतो. दुसरा वर्ग ‘असली यंत्रे पुष्कळ पाहिली’ असे म्हणून पाठ फिरवतो. या दोन्ही वर्गांचा निर्णय यंत्र पाहण्यापूर्वीच झालेला असतो. विज्ञानाला मान्य असलेली शंका याहून निराळी आहे. अमुक विधान कोणत्या कसोटीवर खरे ठरेल आणि कोणत्या कसोटीवर खोटे ठरेल, असा प्रश्न ती विचारते, आणि कसोटीचा निकाल लागला की तो मान्य करते, मग तो आपल्या पूर्वग्रहाला मानवो वा न मानवो.

अशा शंकेचा एक चांगला पाठ अलीकडच्या काळात एका अनपेक्षित ठिकाणी, म्हणजे हातात धरून खेळावयाच्या संगणकांच्या बाबतीत मिळाला आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेतील प्लेट्रॉन नावाच्या कंपनीने अशा यंत्रांसाठी लिनक्सवर आधारलेली एक नवी कार्यप्रणाली सिद्ध करीत असल्याचे जाहीर केले. कोणत्याही एका दुकानाशी बांधून न घेता निरनिराळ्या दुकानांतून घेतलेले खेळ एकाच यंत्रावर चालावेत, असा तिचा दावा होता. त्यापूर्वी दोनच वर्षे व्हॉल्व्ह या दुसऱ्या अमेरिकन कंपनीने स्टीम डेक नावाचे यंत्र लिनक्सच्याच पायावर बाजारात आणले होते. या दोन्ही प्रसंगी जाणत्या माणसांनी शंका घेतल्या. त्यांपैकी कोणत्या खऱ्या ठरल्या, कोणत्या खोट्या ठरल्या आणि कोणत्या अद्याप उभ्याच आहेत, हे पाहणे उद्बोधक होईल. हा विषय खेळाचा असला तरी त्यात एखाद्या कुटुंबाचे साठवलेले पैसे गुंतलेले असतात, आणि विकत घेतलेली वस्तू खरोखर आपली असते की नाही हा प्रश्नही गुंतलेला असतो.

कार्यप्रणाली म्हणजे काय?

प्रथम कार्यप्रणाली, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टिम, ही काय वस्तू आहे ते ध्यानात घेऊ. मोठ्या वाड्यात एक कारभारी असतो. कोठीच्या किल्ल्या त्याच्यापाशी असतात. कोणाला किती धान्य द्यावयाचे, कोणते काम आधी करावयाचे, पाहुण्यांना कोणत्या दालनात उतरवावयाचे, हे तोच ठरवतो. घरातील माणसे परस्पर कोठीत शिरत नाहीत. ती कारभाऱ्याकडे मागणी करतात. संगणकातही असेच घडते. खेळाची आज्ञावली पडद्यावर चित्र उमटवावयाचे असो, स्मृतीतील जागा हवी असो वा कळ दाबली गेली की नाही हे जाणून घ्यावयाचे असो, प्रत्येक वेळी कार्यप्रणालीकडे विनंती करते.

परंतु प्रत्येक कारभाऱ्याची भाषा निराळी असते. मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या विंडोज कार्यप्रणालीकडे ज्या शब्दांत विनंती करावी लागते, ते शब्द लिनक्सला समजत नाहीत. घरच्या संगणकावर खेळावयाचे बहुसंख्य खेळ विंडोजची भाषा गृहीत धरून लिहिले गेले. चित्रे रेखाटण्यासाठीही त्यांत मायक्रोसॉफ्टच्याच डायरेक्टथ्रीडी या परिभाषेचा उपयोग केलेला असे.

लिनक्सचा जन्म १९९१ सालचा. हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टॉरवाल्ड्‌स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने त्या वर्षीच्या ऑगस्ट महिन्यात आपल्या छंदाच्या कामाची वार्ता दिली. ज्याला हवी त्याला ही आज्ञावली वाचता यावी, बदलता यावी आणि वाटता यावी, या तत्त्वावर ती पुढे वाढली. नोव्हेंबर २०१७ च्या गणनेत जगातील सर्वांत वेगवान अशा ५०० महासंगणकांपैकी एकूणएक संगणक लिनक्सवर चालत होते. आपल्या देशातही चेन्नईच्या सी-डॅक संस्थेने लिनक्सच्या आधारावर बॉस नावाची कार्यप्रणाली २००७ मध्ये सिद्ध केली, आणि केरळ राज्यातील शाळांनी संगणकशिक्षणासाठी लिनक्सचा अंगीकार केला. असे असूनही, महासंगणकांवर निर्वेधपणे राज्य करणारी ही कार्यप्रणाली बाजारातील एखादा लोकप्रिय खेळ मात्र चालवू शकत नसे. यात लिनक्सच्या सामर्थ्याची उणीव नव्हती. अडचण भाषेची होती.

पहिला प्रयत्न आणि पहिली शंका

व्हॉल्व्ह कंपनी स्टीम नावाचे खेळांचे दुकान २००३ पासून चालवीत आली आहे. २०१२ मध्ये विंडोजच्या नव्या आवृत्तीबरोबर मायक्रोसॉफ्टने स्वतःचे दुकान संगणकातच बसवले, तेव्हा परक्याच्या जागेत आपला गल्ला किती दिवस सुरक्षित राहणार, ही काळजी व्हॉल्व्हला वाटू लागली. या काळजीतून २०१३ मध्ये स्टीमओएस या लिनक्सवर आधारलेल्या कार्यप्रणालीची घोषणा झाली, आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये निरनिराळ्या कारखानदारांनी बनवलेली स्टीम मशीन नावाची यंत्रे विक्रीस आली.

त्या वेळी शंका घेणाऱ्यांनी दोन प्रश्न विचारले. या यंत्रावर खेळावयाचे काय? आणि जे खेळ चालतील ते विंडोजपेक्षा बरे चालतील काय? पहिल्या प्रश्नाला उत्तर असे मिळाले की, खेळ रचणाऱ्यांनी आपले खेळ लिनक्सच्या भाषेत नव्याने लिहावेत. हे उत्तर दुबळे होते. ग्राहक थोडे म्हणून खेळ लिहिले जात नाहीत, आणि खेळ नाहीत म्हणून ग्राहक येत नाहीत, अशा चक्रात ते सापडले. दुसऱ्या प्रश्नाची तपासणी आर्स टेक्निका या अमेरिकन तंत्रविषयक नियतकालिकाने केली. एकाच संगणकावर एकदा विंडोज आणि एकदा स्टीमओएस घालून तेच खेळ चालवले असता स्टीमओएसवर दर सेकंदाला उमटणारी चित्रे स्पष्टपणे कमी भरली. यंत्रे फारशी खपली नाहीत, आणि २०१८ मध्ये व्हॉल्व्हने आपल्या दुकानाच्या दर्शनी भागातून त्यांचे नाव काढून टाकले.

येथे शंका खरी ठरली. परंतु ती ज्या कारणांनी खरी ठरली ती कारणे लक्षात ठेवली पाहिजेत. लिनक्सवर खेळ कधीच चालणार नाहीत, असे काही त्या चाचणीने सिद्ध झाले नव्हते. सर्व जगाने आपले खेळ पुन्हा लिहावेत ही अपेक्षा फोल होती, आणि जे खेळ पुन्हा लिहिले गेले त्यांचे रूपांतर कच्चे होते, एवढेच काय ते सिद्ध झाले होते. कारण बदलले तर निकालही बदलू शकतो.

दुभाष्याची करामत

पुढे कारण बदलले. जगाने नवी भाषा शिकावी असा आग्रह सोडून व्हॉल्व्हने एक दुभाष्या नेमला. या दुभाष्याचे मूळ फार जुने आहे. विंडोजच्या आज्ञावली लिनक्सवर चालाव्यात म्हणून वाइन नावाचा उपक्रम १९९३ पासून चालू होता. ऑगस्ट २०१८ मध्ये व्हॉल्व्हने कोडवीव्हर्स या कंपनीच्या साहाय्याने वाइनवर आधारलेली प्रोटॉन नावाची आज्ञावली प्रसिद्ध केली.

हा दुभाष्या नेमके काय करतो, हे समजून घेण्याजोगे आहे. खेळाच्या आज्ञावलीत दोन प्रकारचा मजकूर असतो. बेरीज करा, तुलना करा, अमुक अंक तमुक जागी ठेवा, असा गणिताचा भाग असतो. तो थेट प्रक्रियकाशी बोलतो, आणि प्रक्रियक तोच असल्यामुळे त्याचे भाषांतर करावेच लागत नाही. दुसरा भाग कारभाऱ्याकडे करावयाच्या विनंत्यांचा. एवढ्याच भागाचे रूपांतर दुभाष्याला करावे लागते. संपूर्ण यंत्राची नक्कल करून तिच्या आत खेळ चालवावा लागला असता तर वेग कितीतरी पटींनी घटला असता. येथे तसे होत नाही.

चित्ररेखनाच्या विनंत्या मात्र अगणित असतात, आणि तेथे दुभाष्याची खरी परीक्षा होते. २०१६ मध्ये वल्कन नावाची एक सार्वत्रिक परिभाषा प्रसिद्ध झाली. ती चित्रप्रक्रियकाच्या अंतरंगाशी जवळून बोलते. डीएक्सव्हीके नावाची आज्ञावली डायरेक्टथ्रीडीतील विनंत्या वल्कनमध्ये रूपांतरित करते, आणि वल्कनची रचना मुळातच काटकसरी असल्यामुळे भाषांतरात खर्च होणारा वेळ बराचसा भरून निघतो. २०१५ मध्ये ही साधने नव्हती. २०२२ मध्ये ती होती. शंका घेणाऱ्याने आपल्या जुन्या निष्कर्षावर तारीख घालून ठेवावी, ती यासाठीच.

हातातील यंत्राचे गणित

२८ फेब्रुवारी २०२२ रोजी स्टीम डेक ग्राहकांच्या हाती पडू लागले. आरंभी ते ज्या देशांत पाठवले गेले त्यांत भारताचा समावेश नव्हता. त्याचा पडदा सात इंचांचा. वजन सुमारे ६६९ ग्रॅम. बॅटरी ४० वॉट-तासांची. आणि त्यातील मुख्य प्रक्रियकाचा विजेचा खर्च ४ ते १५ वॉट. हे आकडे शुष्क वाटतील, तथापि हातातील यंत्राचे सारे भवितव्य त्यांतच साठवलेले असते.

प्रथम वेळेचे गणित पाहू. हालचाल डोळ्यांना सलग वाटावी म्हणून पडद्यावर दर सेकंदाला ६० चित्रे उमटवावयाची असतील, तर एका चित्राच्या वाट्याला सुमारे १६.७ मिलिसेकंद येतात. एवढ्यात शत्रूची चाल, चेंडूची उडी, सावल्या आणि उजेड यांचा सारा हिशेब संपवून चित्र पूर्ण झाले पाहिजे. कारभाऱ्याने मध्येच दुसऱ्या कामात वेळ दवडला तर चित्र चुकते आणि खेळ अडखळतो. घरच्या मोठ्या संगणकात सामर्थ्य इतके शिल्लक असते की असा आळस खपून जातो. हातातील यंत्रात तो लगेच दिसतो.

दुसरे गणित विजेचे. बॅटरी ४० वॉट-तासांची आणि सर्व यंत्राचा खर्च २० वॉट असेल तर खेळ दोन तास चालेल. खर्च ८ वॉटवर आणला तर पाच तास चालेल. प्रक्रियकाचा वेग वाढवावयाचा तर विद्युत्‌दाबही वाढवावा लागतो, आणि विजेचा खर्च दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत जातो. शेवटच्या थोड्या वेगासाठी फार मोठी किंमत मोजावी लागते, ती यामुळे. म्हणून वेग केव्हा आवरावा हे जाणणारी कार्यप्रणाली येथे अधिक मोलाची.

तिसरे गणित चित्रबिंदूंचे. स्टीम डेकच्या पडद्यावर १२८० गुणिले ८००, म्हणजे १०,२४,००० बिंदू आहेत. घरच्या नेहमीच्या पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० बिंदू असतात. लहान पडद्यामुळे रेखाटनाचे काम निम्म्याहून किंचित कमी झाले. या यंत्राच्या यशातील काही वाटा अशा साध्या निवडीचा आहे, आणि तो कार्यप्रणालीच्या खाती जमा करणे योग्य होणार नाही.

कार्यप्रणालीच्या खाती मात्र आणखी एक गोष्ट निश्चितपणे जमा करता येते. खेळातील प्रकाश आणि रंग ठरवणाऱ्या शेडर नावाच्या लहान लहान आज्ञावली असतात; त्या प्रत्येक चित्रप्रक्रियकासाठी स्वतंत्रपणे तयार कराव्या लागतात. एरवी हे काम खेळ चालू असतानाच करावे लागते आणि खेळ मध्येच थबकतो. सर्व स्टीम डेकमध्ये चित्रप्रक्रियक एकाच घडणीचा असल्याने त्या आधीच तयार करून खेळाबरोबर पाठवता येतात. पंगतीला बसल्यावर पीठ मळावयास घेणे आणि पोळ्या आधीच लाटून ठेवणे यांत जेवढा फरक, तेवढाच हा फरक आहे.

पुन्हा तीच चाचणी

मे २०२५ मध्ये लेनोवो कंपनीचे लीजन गो एस हे हातातील यंत्र स्टीमओएससह विक्रीस आले. व्हॉल्व्हखेरीज दुसऱ्या कारखानदाराने ही कार्यप्रणाली अधिकृतपणे घालून विकलेले असे हे पहिलेच हातातील यंत्र. जून महिन्यात आर्स टेक्निकानेच, दहा वर्षांपूर्वीप्रमाणे, त्याच यंत्रावर विंडोज आणि स्टीमओएस यांची तुलना केली. निकाल उलटला होता. तपासलेल्या पाच खेळांपैकी चार खेळ लिनक्सवर अधिक वेगाने चालले, आणि तेही विंडोजसाठी लिहिलेले असताना, दुभाष्यामार्फत.

ज्या तपासनिसाने पूर्वी दोष दाखवला त्यानेच पुढे गुण मान्य करावा, ही विज्ञानाच्या रीतीची खूणच म्हणावी लागेल. तथापि या निकालातूनही हवे तेवढेच घ्यावे. पाच खेळ म्हणजे सर्व खेळ नव्हेत. शिवाय यंत्राचे निरनिराळे भाग चालवणाऱ्या आज्ञावली, ज्यांना ड्रायव्हर म्हणतात, त्या विंडोजच्या बाजूने जुन्या असल्या तर वेगातील तूट नेमकी कोणाची हे सांगणे कठीण होते. म्हणूनच तपासनिसांनी दुसऱ्या कारखानदाराचे अधिक नवे ड्रायव्हर घालूनही आकडे पाहिले. आणि प्रतिपक्षही स्वस्थ बसलेला नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या असूस कंपनीच्या यंत्रात मायक्रोसॉफ्टने विंडोजचे अनावश्यक भाग खेळाच्या वेळी न उघडण्याची योजना केली. दुसऱ्याच्या यशामुळे पहिल्याला आपले घर झाडून घ्यावे लागले, हाही ग्राहकाचा लाभच होय.

अजून उभ्या असलेल्या शंका

येथवर वाचून वाचकाला वाटेल की शंकेखोरांचा पराभव झाला. तसे म्हणणे घाईचे होईल. वेगाविषयीची शंका मिटली, परंतु आणखी तीन शंका उभ्या आहेत, आणि त्यांचा संबंध यंत्रशास्त्राइतकाच माणसांच्या व्यवहाराशी आहे.

पहिली शंका लबाडीला आळा घालणाऱ्या आज्ञावलींविषयीची. अनेकांनी मिळून दूरवरून खेळावयाच्या खेळांत कोणी लबाडी करू नये म्हणून पहारेकरी आज्ञावली बसवलेल्या असतात. त्यांपैकी काही कार्यप्रणालीच्या गाभ्यातच ठाण मांडून बसतात. लिनक्सचा गाभा कोणासही बदलता येतो. तेव्हा तेथील पहारेकऱ्यावर भरवसा कसा ठेवावा, असा खेळ रचणाऱ्यांचा प्रश्न असतो. २०२१ मध्ये अशा दोन प्रमुख पहारेकरी आज्ञावलींनी प्रोटॉनशी जुळवून घेण्याची सोय केली. परंतु ती सोय वापरावी की नाही हे प्रत्येक खेळाच्या मालकाच्या इच्छेवर राहिले. एपेक्स लेजंड्स हा खेळ स्टीम डेकवर चालत होता. ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस त्याच्या प्रकाशकांनी, लबाडीचा मार्ग लिनक्समधून जातो असे कारण देऊन, लिनक्सचे दार बंद केले. त्याच वर्षी सप्टेंबर महिन्यात ग्रँड थेफ्ट ऑटो या मालिकेतील एकत्र खेळावयाचा भागही स्टीम डेकवर चालेनासा झाला. ज्यांनी केवळ त्या खेळासाठी यंत्र घेतले होते त्यांच्या हातातील यंत्र काल होते तेच आज होते. बदलला होता तो दूर कोठेतरी बसलेल्या मालकाचा निर्णय. कितीही कुशल दुभाष्या असला तरी समोरच्याने बोलण्यासच नकार दिला तर त्याचा इलाज चालत नाही.

ग्राहकांच्या संख्येचाही येथे संबंध येतो. स्टीमच्या ऑक्टोबर २०२५ च्या पाहणीत लिनक्स वापरणाऱ्यांचे प्रमाण प्रथमच ३ टक्क्यांच्या किंचित वर गेले. ही वाढ लक्षणीय आहे. परंतु शंभरातील तीन ग्राहकांसाठी वेगळा पहारा बसवावयास प्रत्येक व्यापारी तयार होईलच असे नाही.

दुसरी शंका टिकाऊपणाची. कार्यप्रणाली ही एकदा घेऊन ठेवावयाची वस्तू नाही; विहिरीप्रमाणे तिचा गाळ वेळोवेळी काढावा लागतो. नव्या खेळांसाठी दुभाष्याला नवे शब्द शिकवावे लागतात, सुरक्षिततेतील भेगा बुजवाव्या लागतात. हे काम किती वर्षे आणि कोणाच्या पैशाने चालणार? हातातील लिनक्स यंत्रांचा इतिहास येथे सावध करणारा आहे. दक्षिण कोरियात २००५ मध्ये जीपी२एक्स नावाचे यंत्र निघाले. ते हौशी लोकांच्या वर्तुळापलीकडे फारसे गेले नाही. पँडोरा या यंत्रासाठी २००८ मध्ये आगाऊ पैसे घेण्यास आरंभ झाला. ते प्रत्यक्ष पोहोचू लागले २०१० मध्ये, आणि त्यानंतरही पुष्कळ ग्राहकांना दीर्घ काळ वाट पाहावी लागली. प्लेट्रॉनच्या प्रमुखांनी पूर्वी सायनोजेन ही कंपनी इतरांसमवेत स्थापन केली होती. मोबाइल दूरध्वनींसाठी अँड्रॉइडची निराळी आवृत्ती देणाऱ्या त्या कंपनीने डिसेंबर २०१६ मध्ये ती सेवा गुंडाळली. त्या कंपनीच्या गोष्टीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आज्ञावलीचा मूळ मजकूर खुला असल्यामुळे स्वयंसेवकांनी तो उचलला आणि लिनिएजओएस या नावाने काम पुढे चालू ठेवले. कंपनी बुडाली तरी मजकूर तरला.

यावरून एक उपयुक्त भेद हाती येतो. ‘लिनक्सवर आधारलेली’ एवढ्या शब्दांनी फारसे काही कळत नाही. आपल्या खिशातील अँड्रॉइड दूरध्वनीचा गाभाही लिनक्सचाच असतो. म्हणून तो आपल्याला हवा तसा उघडता येतो असे नाही. गाभा खुला आणि वरचे दालन कुलूपबंद, अशीही रचना असू शकते. तेव्हा पाया कोणता हे विचारल्यावर किल्ल्या कोणाकडे, हेही विचारावे लागते. स्टीम डेकच्या बाबतीत हे मान्य करावे लागेल की त्यात खेळाखेरीज सामान्य संगणकाचे दालनही उघडते. तेथे लेखन करता येते, आज्ञावली रचण्याचा अभ्यास करता येतो, आणि हवे तर दुसरी कार्यप्रणालीही घालता येते. एखाद्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने हा गुण वेगाच्या दहा-वीस टक्क्यांहून मोठा आहे. दुसऱ्या बाजूला, व्हॉल्व्हचे यंत्र उघडताच व्हॉल्व्हचेच दुकान समोर येते. प्लेट्रॉनचा दावा या दोषावर बोट ठेवतो, म्हणून तो ऐकण्याजोगा आहे. परंतु त्याच कार्यप्रणालीवर चालणारे, कूटचलनाच्या व्यवहाराशी जोडलेले सुईप्ले नावाचे यंत्र २०२४ मध्ये जाहीर झाले, तेव्हा खेळणाऱ्याला या व्यवहाराची गरज काय, हा प्रश्नही रास्तच होता.

तिसरी शंका मालकीची. दुकानातून पैसे देऊन खेळ घेतला म्हणजे तो आपला झाला, असे आपण समजतो. वस्तुतः बहुतेक वेळा आपल्याला केवळ वापरण्याचा परवाना मिळालेला असतो. कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०२५ पासून अमलात आलेल्या कायद्यान्वये, असा परवाना विकताना दुकानदाराने ही गोष्ट ग्राहकाला स्पष्ट सांगावी लागते. पुस्तकांचे कपाट आणि वाचनालयाचे ओळखपत्र यांत जो भेद आहे तोच हा भेद. कार्यप्रणाली कितीही खुली असली तरी खेळावरील परवान्याचे कुलूप ती उघडू शकत नाही. म्हणून ‘खुली कार्यप्रणाली’ हे शब्द वाचून ‘खुले खेळ’ असा अर्थ कोणी घेऊ नये.

यंत्र घेण्यापूर्वी

नव्या कार्यप्रणालीविषयी विचारावयाचे प्रश्न आता आपल्याला नीट मांडता येतील. आपल्याला जे दोन-चार खेळ खरोखर खेळावयाचे आहेत, ते त्या यंत्रावर आज चालतात काय? ‘हजारो खेळ चालतात’ हे उत्तर येथे निरुपयोगी आहे. स्टीमवर प्रत्येक खेळासमोर तो तपासून पारखलेला, केवळ चालण्याजोगा, न चालणारा की न तपासलेला अशी नोंद असते, तशी नोंद नव्या कंपनीपाशी आहे काय, हे पाहावे. वेगाचा दावा केला असेल तर तुलना एकाच यंत्रावर आणि एवढ्याच विजेत केली आहे काय? बॅटरीचा काळ सांगितला असेल तर तो कोणत्या खेळाचा? कंपनी उद्या बंद झाली तर यंत्रावर दुसरी कार्यप्रणाली घालता येईल काय? आणि तिचा खर्च कोण करतो, व का करतो? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले की पुष्कळ दाव्यांचा अर्थ आपोआप उलगडतो.

या प्रश्नांपैकी एकही प्रश्न शत्रुत्वाचा नाही. २०१५ मध्ये ज्यांनी ते विचारले त्यांनी व्हॉल्व्हचे नुकसान केले असे वरवर दिसेल. परंतु पुढे जे यंत्र निघाले ते नेमक्या त्याच प्रश्नांना उत्तर म्हणून घडवलेले होते. खेळ कोठे आहेत, असे विचारले गेले, तेव्हा दुभाष्या आला. वेग कोठे आहे, असे विचारले गेले, तेव्हा आधीच तयार केलेली शेडर आली. कोणी प्रश्नच विचारले नसते तर कच्च्या यंत्रांचे ढीग तेवढे साचले असते.

नोव्हेंबर २०२५ मध्ये व्हॉल्व्हने स्टीम मशीन हेच जुने नाव देऊन घरी ठेवावयाच्या नव्या यंत्राची घोषणा केली. एकदा अपयश आलेले नाव पुन्हा उच्चारावयास धैर्य लागते. त्या यंत्रालाही वरील सर्व प्रश्न पुन्हा पहिल्यापासून विचारावे लागतील. पहिले अपयश हा त्याच्याविरुद्ध पुरावा होऊ शकत नाही, आणि मधले यश हे त्याचे प्रशस्तिपत्रक होऊ शकत नाही. आपल्या घरातील मुलगा वा मुलगी अशा यंत्राचा हट्ट धरून बसली, तर वडीलधाऱ्यांनी एकदम होकारही देऊ नये आणि एकदम नकारही देऊ नये. हे प्रश्न कागदावर लिहून त्यांची उत्तरे शोधण्याचे काम त्या मुलाकडेच सोपवावे. यंत्र घरात येवो वा न येवो, दावा तपासून पाहण्याची सवय घरात आली तर तेवढा लाभ पुरेसा आहे.